वेताळाची पोथी नेमकी कुठून उघडायची? दोन सुपरहिरो जन्माला घालणाऱ्या ली फॉक यांची गोष्ट

दिंद्रुड : सुपरहिरोचं पुस्तक मागवायचं ठरवलं की पहिला प्रश्न पैशांचा नसतो, सुरुवात कुठून करायची हा असतो. मोबाइलवर नाव टाकलं की शंभर मुखपृष्ठं समोर येतात. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, कशात अर्धीच गोष्ट आहे, काही कळत नाही. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडमध्ये बसून पुस्तक मागवायचं तर ते आधी हातात घेऊन चाळताही येत नाही. जाड पुठ्ठ्याचा एक संग्रह घ्यायचा तर चांगले पैसे मोजावे लागतात आणि पहिलाच चुकीचा निघाला की दुसरा घ्यायची इच्छाच राहत नाही.

मराठी घरांत सुपरहिरो कॉमिक्स पहिल्यांदा रुजली ती सुपरमॅन किंवा स्पायडरमॅनमुळे नाही, तर वेताळामुळे. म्हणजे फँटम, इंद्रजाल कॉमिक्समधला. आज पन्नाशी-साठी गाठलेल्या कुणालाही विचारा, कवटीची गुहा आणि कवटीची अंगठी लगेच आठवेल. ज्याने हे सगळं लिहिलं त्याचं नाव मात्र फार थोड्यांना सांगता येईल. ते ली फॉक. आणि वेताळाचे संग्रह कोणत्या क्रमाने वाचायचे, याचं उत्तर बरंचसं त्यांच्या आयुष्यातच आहे.

कोण होते ली फॉक?

जन्म २८ एप्रिल १९११, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात. मूळ नाव लिऑन हॅरिसन ग्रॉस. वडील लवकर गेले, आईने दुसरं लग्न केलं. सावत्र वडिलांच्या नावातला मधला शब्द होता फॉक. लिऑनने तो उचलला, लहानपणापासून हाक मारायचं नाव ली होतंच, आणि पुढे जगाने हेच नाव लक्षात ठेवलं. एका अर्थाने मुखवटा आधी लेखकाने चढवला, नायकाने नंतर.

इलिनॉय विद्यापीठात शिकताना डोक्यात एक जादूगार घोळू लागला. उंच टोपी, झगा, बारीक मिशी. फॉक यांनी त्याच्या सुरुवातीच्या दोनेक आठवड्यांच्या पट्ट्या स्वतःच काढल्या. चित्रकला बेताची होती हे त्यांना ठाऊक होतं. शिक्षणानंतर सेंट लुईसमध्ये जाहिरातींचा मजकूर लिहिताना फिल डेव्हिस या व्यावसायिक चित्रकाराशी ओळख झाली आणि चित्रांचं काम त्याच्याकडे गेलं. नमुने घेऊन फॉक न्यूयॉर्कला गेले. किंग फीचर्स सिंडिकेट ही कंपनी वर्तमानपत्रांना चित्रपट्ट्या पुरवायची. तिने हा जादूगार घेतला. ११ जून १९३४ रोजी मँड्रेक वर्तमानपत्रांत आला, तेव्हा लेखकाचं वय होतं २३.

यातला एक गमतीचा भाग. न्यूयॉर्कमध्ये आपण नवखे वाटू नये म्हणून फॉक यांनी आपली ओळख जग फिरलेला, पूर्वेकडच्या गूढविद्या पाहून आलेला प्रवासी अशी करून दिली होती. खरं तर तोवर त्यांचं फिरणं घराच्या आसपासच्या राज्यांपुरतंच होतं. पुढे मात्र त्यांनी जग खरंच पालथं घातलं. बायोडेटा आधी, अनुभव नंतर. आजच्या नोकरीच्या बाजारातल्यांना हे नवीन वाटणार नाही.

वेताळ जन्मला कसा?

मँड्रेक चालला, म्हणून सिंडिकेटने आणखी एक मालिका मागितली. फॉक यांनी आधी आर्थर राजाच्या दंतकथेवर काहीतरी करून पाहिलं, ते जमलं नाही. मग १७ फेब्रुवारी १९३६ रोजी फँटम सुरू झाला. चित्रं रे मूर यांची.

पहिली गोष्ट सिंग नावाच्या समुद्री चाच्यांच्या टोळीची. तिच्यात एक भानगड आहे आणि वाचकाने ती आधीच माहीत करून घेतलेली बरी. सुरुवातीला फॉक यांच्या डोक्यात होता न्यूयॉर्कमधला जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, आळशी तरुण. दिवसा ऐशोआराम, रात्री मुखवटा. बॅटमॅन ज्या साच्यातला, तोच हा साचा. पण गोष्ट रोज छापून येत असतानाच लेखकाचा विचार बदलला. मुखवट्यामागचा माणूस जिमी नाही, तो जंगलात राहणारा, पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या घराण्यातला एकविसावा वारस आहे, असं ठरलं. जिमी बिचारा बाजूला पडला. चालू सिस्टिमचं डिझाइन थेट लाइव्हवर बदलावं, तसलाच हा प्रकार. पहिला संग्रह वाचताना मध्येच काहीतरी जुळत नाही असं वाटलं, तर पान चुकलेलं नाही, लेखकाने रस्ता बदललेला आहे.

नवा रस्ता मात्र जबरदस्त होता. सुमारे ४०० वर्षांपूर्वी चाच्यांच्या हल्ल्यातून एक इंग्रज खलाशी वाचतो. बापाला मारणाऱ्याची कवटी हातात धरून तो शपथ घेतो, की आपण आणि आपले वंशज अन्यायाशी लढत राहू. बाप मेला की मुलगा तेच कपडे, तोच मुखवटा घालतो. लोकांना वाटतं, हा एकच माणूस, मरतच नाही. कुठलीही अद्भुत शक्ती नाही. अफवा आणि शिस्त, बस्स. गोळी लागली तर वेताळ मरतो, हे वाचकाला माहीत आहे, शत्रूला नाही. या मालिकेचा सगळा थरार या एका गुपितावर उभा आहे.

अंगाला चिकटलेला पोशाख आणि मुखवट्याआड बुबुळं न दिसणारे डोळे ही आता सुपरहिरोंची ठरलेली खूण झाली आहे. ती वापरणाऱ्यांत फँटम अगदी पहिल्यांपैकी. सुपरमॅन आला १९३८ मध्ये, बॅटमॅन १९३९ मध्ये. बिनबुबुळांचे डोळे फॉक यांना सुचले ग्रीक पुतळ्यांवरून. पोशाखाचा रंग त्यांच्या मनात राखाडी होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी निघाली, तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. इटलीत हाच माणूस लाल कपड्यांत फिरतो, स्वीडनमध्ये निळ्या.

मराठीत तो वेताळ का झाला?

मार्च १९६४ मध्ये मुंबईत बेनेट कोलमन कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडिया समूहाने, इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिल्या अंकात वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट होती. पहिले ३२ अंक सगळेच्या सगळे वेताळाचे. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि बाकी मंडळी त्यानंतर आली. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांत हे अंक निघत. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत ८०३ अंक निघाले. अनंत पै यांनी सुरुवातीच्या काळात या कामात हात घातला होता. त्यांनीच पुढे १९६७ मध्ये अमर चित्रकथा उभी केली.

फँटमला मराठीत वेताळ म्हणणं हे साधं भाषांतर नव्हतं. इकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण गावाचा राखणदारही. महाराष्ट्रात आणि गोव्यात कितीतरी गावांच्या वेशीवर त्याचं ठाणं आहे. रात्री तो गावाभोवती फेरी मारतो, असं जुनी माणसं सांगतात. मरत नाही, दिसत नाही, पण राखण करतो. सेंट लुईसच्या लेखकाने कल्पनेतून काढलेलं चालतं-फिरतं भूत इथल्या वाचकाला आधीच ओळखीचं होतं. मुखवटा घालून दुष्टांना वठणीवर आणणारा नायकही मराठीला नवा नव्हता. बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड त्याआधीच घराघरांत पोचला होता.

मुंबईच्या संपादकांनी आणखी काही बदल केले. फॉक यांच्या जुन्या गोष्टी घडतात बंगालच्या उपसागराच्या आसपास, बंगालीवरून नाव घेतलेल्या एका काल्पनिक देशात. चाच्यांचं नाव सिंग. भारतात हे छापणं अवघडच होतं. म्हणून इंद्रजालमध्ये देशाचं नाव डेंकाली झालं आणि सिंगचं सिंगा. पुढे फॉक यांनीही तो देश उचलून आफ्रिकेत नेला आणि त्याला बंगाला म्हटलं.

ज्या गोष्टी आज खटकतात

हे सांगितल्याशिवाय पुस्तकाची शिफारस करता येत नाही. जंगलातले काळे लोक आणि त्यांचा तारणहार एक गोरा माणूस, ही मूळ मांडणीच वसाहतीच्या काळातली आहे. वेताळाच्या बंदर जमातीचं नाव किपलिंगच्या जंगल बुकमधल्या माकडांच्या टोळीवरून घेतलंय, यातच सगळं आलं. मँड्रेकचा सोबती लोथार १९३४ मध्ये बिबट्याचं कातडं आणि फेझ टोपी घालून मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा, राजपुत्र असूनही.

पण फॉक तिथे थांबले नाहीत आणि म्हणूनच त्यांचं आयुष्य वाचण्यासारखं आहे. १९६४ च्या डिसेंबरात फिल डेव्हिस गेले. १९६५ पासून फ्रेड फ्रेडरिक्स मँड्रेक काढू लागले, तेव्हा लोथारचे कपडे बदलले, भाषा सरळ झाली, तो नोकर न राहता बरोबरीचा मित्र झाला. आफ्रिकेतले देश एकेक करून स्वतंत्र होत होते. वेताळाच्या बंगालातही निवडून आलेला काळा राष्ट्राध्यक्ष आला, त्याचं नाव लुआगा. त्याला उलथवायला टपलेला सेनापती बाबाबू आला. नायिका डायना संयुक्त राष्ट्रांत काम करू लागली. मूळ सांगाडा तोच राहिला, हे खरं. पण ६० वर्षं एकच मालिका लिहिणारा माणूस स्वतःचं जुनं लिखाण दुरुस्त करत गेला, हे संग्रह क्रमाने पाहिले की स्पष्ट दिसतं.

मुलांच्या हातात थेट १९३६ चा संग्रह द्यावा का? मोठ्यांनी तो स्वतः वाचावा, दहा-बारा वर्षांच्या मुलाला आधी नंतरच्या काळातला द्यावा. नाहीतर त्या वयात जे मनात बसतं, ते पुढे काढायला वेळ लागतो.

नाटकवेडा माणूस

फॉक यांना विचारलं असतं की तुम्ही कोण, तर उत्तर बहुधा नाटकवाला असं आलं असतं. कॉमिक्सने पोट भरलं, जीव रंगभूमीत होता. केंब्रिज, बॉस्टन आणि बहामातल्या नसाऊ इथे त्यांनी नाट्यगृहं चालवली. सुमारे ३०० नाटकांची निर्मिती केली, शंभराच्या आसपास दिग्दर्शित केली, काही स्वतः लिहिली. मार्लन ब्रँडो, चार्लटन हेस्टन, पॉल न्यूमन, पॉल रोबसन यांच्यासारखे कलाकार त्यांच्या निर्मितीत होते. १९५३ मध्ये बर्नार्ड शॉ यांच्या 'आर्म्स अँड द मॅन'मध्ये ब्रँडो उभा राहिला तोही फॉक यांच्याच निर्मितीत. त्यानंतर ब्रँडो रंगमंचावर परतला नाही.

आता हिशेब मांडा. १९३९ पासून फॉक यांच्या डोक्यात एकाच वेळी चार गोष्टी चालू असत : फँटमची रोजची, फँटमची रविवारची, मँड्रेकची रोजची, मँड्रेकची रविवारची. सोमवार ते शनिवार दोन-दोन आणि रविवारी दोन, म्हणजे आठवड्याला १४ पट्ट्या. सगळ्या वेगवेगळ्या कथानकाच्या. त्यातच दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या युद्ध माहिती कार्यालयात परदेशी भाषांच्या रेडिओ विभागाची जबाबदारी, नंतर लष्करातली नोकरी. आणि नाटकांच्या तालमी. तरी वर्तमानपत्रातली जागा कधी रिकामी गेली नाही. संग्रह सलग वाचताना एखादी गोष्ट घाईने गुंडाळल्यासारखी वाटते, त्यामागे हे वेळापत्रक आहे.

दोन्ही पात्रांचे हक्क मात्र सिंडिकेटकडे. फॉक लिहीत राहिले, मालक कंपनी राहिली. त्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक कॉमिक्सवाल्यांचं असंच होतं. सुपरमॅनच्या दोन तरुण निर्मात्यांनी तर हक्क १३० डॉलरला विकले आणि पुढे आयुष्यभर कोर्टकचेऱ्या केल्या. त्यांच्या मानाने फॉक नशीबवान. आपली पात्रं शेवटपर्यंत त्यांनाच लिहायला मिळाली.

मग कुठून सुरू करायचं?

वेताळाचे संग्रह निवडताना लेखकाचं नाव पाहून उपयोग नाही, ते १९९९ पर्यंत एकच आहे. चित्रकार पाहायचा. काळ त्यावरून कळतो.

रे मूर यांचा काळ १९३६ पासून. चित्रं गडद, सावल्यांनी भरलेली, वातावरण भारी. अमेरिकेतली हर्मिस प्रेस ही संस्था रोजच्या पट्ट्या जाड खंडांत सलग छापते. पहिला खंड १९३६-३७ चा. न कापलेली मूळ गोष्ट हवी असणाऱ्यांसाठी हाच. पण पुस्तक इंग्रजीत, किंमत जास्त आणि वर सांगितलेली जुनी मांडणी पूर्णच्या पूर्ण तशीच.

मूर युद्धावर गेले, तेव्हा १९४२ पासून विल्सन मॅकॉय हात लावू लागले आणि पुढे मालिका त्यांच्याकडेच आली. चित्रं साधी, ठळक, लहान मुलांनाही झटकन कळणारी. गोष्टी मात्र मजबूत, आधीच्या वेताळांच्या बऱ्याच कहाण्या याच काळातल्या. इंद्रजालचा पहिला अंक याच काळातला. जुने वाचक मॅकॉयला नाकं मुरडतात, ते थोडं अन्यायाचं आहे.

१९६१ मध्ये मॅकॉय वारले आणि त्याच वर्षी साय बॅरी आले. ते १९९४ पर्यंत राहिले. आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो वेताळ यांचाच : रुंद खांदे, स्वच्छ रेषा, खरीखुरी वाटणारी जंगलं. लुआगा, बाबाबू, जंगल पेट्रोल, १९७७ मधलं वेताळ-डायनाचं लग्न, १९७९ मधली जुळी मुलं किट आणि हेलोइज, हे सगळं या ३३ वर्षांत येतं. एकच संग्रह घ्यायचा असेल आणि घरात मुलंही वाचणार असतील, तर साय बॅरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतला घ्यावा. तो आवडला की मागे, मूरकडे जावं. उलट्या क्रमाने गेलं तर बहुतेक जण पहिल्याच खंडात थकतात.

मराठीतच वाचायचं तर जुने इंद्रजाल अंक शोधण्यावाचून फारसा इलाज नाही. रद्दीवाले, जुनी पुस्तकं विकणारे, कुणाच्या तरी माळ्यावरची ट्रंक. एक लक्षात ठेवा : रोजच्या लांबट पट्ट्या अंकाच्या उभ्या पानांत बसवताना संपादक चित्रं कापत, काही चौकटी गाळत. इंद्रजालमध्ये एखादी गोष्ट अचानक उडी मारते, ती यामुळे. फाटकं मुखपृष्ठ चालेल, पण आतली पानं मोजून घ्या. शेवटचं पान नसलेला अंक स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो.

मँड्रेक नंतर घ्यावा. सुरुवातीच्या गोष्टींत त्याच्याकडे खरोखरची जादू आहे, नंतर फॉक यांनी ती संमोहनावर आणून ठेवली. हा बदल माहीत नसला तर दोन संग्रह दोन वेगळ्या माणसांचे वाटतात.

शेवटचे दिवस

१९९६ मध्ये बिली झेन नायक असलेला फँटमचा चित्रपट आला. तिकीटबारीवर चालला नाही. फॉक तेव्हा ८५ वर्षांचे होते आणि दोन्ही मालिका लिहीतच होते. १९९७ मध्ये त्यांनी मँड्रेक आणि नार्दाचंही लग्न लावून दिलं, ६० वर्षं वाट पाहायला लावून. आजारपणात, रुग्णालयातूनही ते गोष्टी सांगत राहिले. १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते गेले. वय ८७. हातातली अर्धी राहिलेली कथा पूर्ण करायला त्यांच्या पत्नी एलिझाबेथ मॉक्सली यांनी मदत केली. त्याही रंगभूमीवरच्या.

मँड्रेक पुढे फ्रेडरिक्स यांनी एकट्याने चालवला आणि २०१३ मध्ये त्यांच्या निवृत्तीबरोबर नवी पट्टी थांबली. फँटम मात्र थांबला नाही. टोनी डीपॉल हे १९९९ पासून त्याचं लेखन करू लागले. ऑस्ट्रेलियात फ्रू ही प्रकाशनसंस्था १९४८ पासून त्याचे अंक काढते आहे. स्वीडनमध्ये तर खास तिथल्या लेखक-चित्रकारांनी केलेल्या नव्या कथा निघतात. म्हणजे ऑनलाइन एखादा फँटम संग्रह स्वस्तात दिसला, तर त्यात फॉक यांचं लिखाण असेलच असं नाही. मागवायच्या आधी वर्णनात दोन गोष्टी पाहा : कथा मूळ कोणत्या वर्षांतल्या आहेत आणि वर्तमानपत्रातल्या आहेत की नंतर पुस्तकासाठी केलेल्या. वर्ष १९९९ च्या अलीकडचं असेल, तर तो दुसऱ्या कुणाचा वेताळ आहे.